बाससाठी पाण्यावरचं पहिलं ल्युअर कोणतं घ्यावं?

पहाटपाणी

मंडळी, बास माशाच्या मागे नव्याने लागलेल्या माणसाने टॉपवॉटरमधलं, म्हणजे पाण्याच्या वर चालणारं, पहिलं ल्युअर (नकली आमिष) कोणतं घ्यावं? डबा भरायचा नाहीये. दोन घ्यायचीत, फार तर तीन, पण ती नीट वापरता आली पाहिजेत.

हाताशी आहे ते असं: साडेसहा फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचं रीळ, त्यावर १० पौंडी फ्लोरोकार्बन लाईन. पाणी म्हणजे मध्यम तलाव. एका बाजूला दगडी काठ, दुसऱ्या बाजूला लव्हाळे आणि त्यापुढे कमळाची पानं, मधे उघडं पाणी. होडी नाही, काठावरूनच टाकायचं आहे.

पॉपर, प्लॉपर, फ्रॉग, बझबेट, स्पूक अशी नावं वाचली. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकालाच 'सोपं' म्हटलेलं आहे. खरं सोपं कोणतं?

तंगूसवाला

ल्युअरच्या आधी लाईन बदला. त्या १० पौंडी फ्लोरोवर कोणतंही टॉपवॉटर घेतलंत तरी ते नीट चालणार नाही आणि दोष मात्र ल्युअरला लागेल.

पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची साधारण १.१४, फ्लोरोकार्बनची १.७८ आणि ब्रेडची (विणलेल्या लाईनची) ०.९७ येते. ब्रेड तरंगते. नायलॉनचा तंगूस बुडतो, पण इतका सावकाश की तेवढ्या वेळात तुमचं काम होऊन जातं. फ्लोरो ठामपणे बुडतो. वीस-पंचवीस मीटर लाईन पाण्यावर पडली की फ्लोरोला मधे झोळ पडते आणि हिसका दिला की ती झोळ ल्युअरचं नाक खाली ओढते. वाटीसारख्या तोंडाच्या पॉपरने पाणी थुंकायचं, त्याऐवजी तो बुडी मारतो. पॉपर जितका लहान आणि हलका, तितका हा त्रास जास्त.

तुमच्या रिळाला दोन मार्ग आहेत. एक, १० पौंडी नायलॉन भरा आणि मोकळे व्हा. १२ पौंडीही चालेल, पण २५०० च्या स्पूलवर (लाईन गुंडाळायच्या चकरीवर) ती जाड पडते आणि वेटोळी सुटतात. दुसरा मार्ग, २० पौंडी ब्रेड आणि पुढे १२ ते १५ पौंडी नायलॉनचा दोन फुटी लीडर (पुढे जोडायचा तुकडा), जोडायला डबल युनी गाठ. लीडर दोन फुटांहून लांब नको, म्हणजे फेकताना गाठ रॉडच्या कड्यांत शिरत नाही. नुसत्या ब्रेडला ल्युअर बांधू नका. ब्रेड लुळी असते, ती पुढच्या तिहेरी गळाभोवती गुंडाळते. नायलॉनच्या तुकड्यात जो ताठपणा असतो तो लाईनला गळापासून दूर ठेवतो.

झुंजुरका

लाईनीबद्दल पूर्ण सहमत. आता ल्युअर.

'सोपं' कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. नुसतं रीळ फिरवलं तरी जे काम करतं ते सोपं. या हिशोबाने पहिला नंबर प्लॉपरचा, म्हणजे ज्याची शेपटी फिरते तो. रिव्हर टू सी कंपनीच्या व्हॉपर प्लॉपरने हा प्रकार लोकप्रिय केला, आता बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. मनगटाची काही कला लागत नाही. टाका, फिरवा. शेपटी गुडगुड करत पाणी कापते आणि मागे बुडबुड्यांची रेघ राहते.

आकारात चूक करू नका. नावामागचा आकडा मिलिमीटरमधली लांबी असते. ९० घ्या. ११० चं वजन १ औंसाच्या घरात जातं, म्हणजे २८ ग्रॅम. तुमच्या रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात ल्युअरचं वजन छापलेलं असेल ते वाचा. मीडियम स्पिनिंगवर साधारण ५/८ औंस, म्हणजे १७-१८ ग्रॅम ही वरची मर्यादा असते. ११० फेकायला गेलात तर रॉड वाकून राहील आणि ल्युअर भलतीकडे जाईल.

वेग किती? ज्या सर्वात कमी वेगाला शेपटी न अडखळता फिरते तो शोधा आणि तिथून सुरुवात करा. नव्या माणसाचा हात नेहमी जास्त वेगात चालतो. वेग फार झाला की शेपटीऐवजी सगळं अंगच लोळायला लागतं, आवाज बदलतो आणि लाईनला पीळ बसतो. शेपटी मुळीच फिरत नसेल तर सांध्यात गवताची काडी अडकलेली असते, दहापैकी नऊ वेळा तेच. काडी नसेल तर एक छोटा हिसका द्या, फिरू लागेल.

गाठीवर गाठ

झुंजुरकाराव, प्लॉपर चालवायला सोपा आहे, मान्य. पण पहिलं ल्युअर माणसाला काहीतरी शिकवणारं असावं. नुसतं रीळ फिरवून टॉपवॉटर कळत नाही. टॉपवॉटरचं मर्म थांबण्यात आहे आणि थांबायला शिकवतो तो पॉपर. त्यातून यांच्याकडे दगडी काठ आहे. दगडांच्या सावलीत उभा असलेला बास अंगावरून धावत गेलेल्या वस्तूपेक्षा समोर घुटमळणाऱ्या वस्तूला लवकर फसतो.

अडीच इंची, १/४ औंसाचा (७ ग्रॅम) घ्या. रेबेलचा पॉप-आर पी-६० याच मापाचा आहे आणि तुमच्या रॉडला अगदी बरोबर बसतो. आणल्यावर आधी बादलीत सोडून बघा. शेपटी खाली, तोंड वर असा तिरका तरंगला पाहिजे. आडवा सपाट तरंगत असेल तर थुंकणार नाही, नुसता घसरत येईल. गळ बदललेत तर ही परीक्षा पुन्हा करा, जाड तारेचे गळ शेपटी आणखी खाली नेतात.

चालवायचा असा. लक्ष्याच्या हातभर पुढे टाका, डोक्यावर नको. पडल्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. मग रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरा, लाईनीत किंचित ढील ठेवा आणि फक्त मनगटाने चार ते सहा इंचांचा हिसका द्या. लगेच टोक मागे आणून पुन्हा ढील द्या. पतंगाला खेच देऊन सोडतो ना, तसंच. ओढून धरायचं नाही. आवाज 'पच्' असा आखूड यायला हवा. मग थांबा. दोन सेकंदांपासून सुरुवात करा. थंड किंवा आरशासारखं स्थिर पाणी असेल तर आठ-दहा सेकंदही थांबा. बहुतेक वेळा मासा पॉपर स्थिर असतानाच वर येतो.

हिसका फूटभर झाला की पॉपर उडी मारून पाण्याबाहेर येतो आणि सांडतो. रॉड वर धरली तर लाईन नाक उचलते, मग तोंडाची वाटी पाण्यात शिरतच नाही. हिसका खालच्या दिशेने किंवा बाजूने, हे पहिले पंधरा-वीस कास्ट (फेकी) मोठ्याने म्हणत करा हवं तर.

झुंजुरका

शिकवण्याबद्दल वाद नाही. पण नव्या माणसाला आधी मासा दिसायला हवा. पॉपरने तासाभरात जेवढं पाणी चाळता येतं त्याच्या तीन-चारपट प्लॉपरने होतं. मासे कुठे आहेत हेच माहीत नसताना दहा सेकंद थांबायचं कुठे? आधी प्लॉपरने काठ चाळा. जिथे एखादा उसळला, जिथे नुसता भोवरा उठला, तिथे पॉपर काढा.

गाठीवर गाठ

ही मांडणी मला पटली. मग दोन्ही घ्या, एक शोधायला आणि एक बसवायला. वारं कसं आहे त्यावरही ठरतं. पाणी काचेसारखं असेल तर प्लॉपरची गडबड जास्त होते, पॉपर घ्या आणि हिसके हलके ठेवा. बोटभर उंचीच्या लाटा उठल्या की पॉपरची पचपच त्यात हरवते, तेव्हा प्लॉपर. लाटा फेसाळायला लागल्या तर टॉपवॉटर ठेवून द्या.

लव्हाळी

कमळाच्या पानांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. पॉपर आणि प्लॉपर दोन्हींना उघडे तिहेरी गळ असतात. पानांत टाकलेत तर पहिल्याच कास्टला देठ धरून बसतील. तिथलं ल्युअर म्हणजे पोकळ फ्रॉग, मऊ बेडूक. त्याचा दुहेरी गळ अंगाला चिकटून वर वळलेला असतो, म्हणून तो पानांवरून घसरत येतो.

पण पहाटपाणी, तुमच्या सामानावर फ्रॉग घेऊ नका, हे मनापासून सांगते. फ्रॉग चालवायला सोपा आहे, फ्रॉगवर लागलेला मासा बाहेर काढणं सोपं नाही. मासा घेतो आणि सरळ देठांच्या जाळ्यात शिरतो. त्याचं डोकं पहिल्या दोन सेकंदांत वर फिरवावं लागतं. त्यासाठी सात फुटी हेवी रॉड, बेटकास्टिंग रीळ आणि ५० ते ६५ पौंडी ब्रेड थेट फ्रॉगला बांधलेली लागते, मधे लीडर नाही. मीडियम स्पिनिंगने मासा देठांत अडकतो, लाईन तुटते आणि तो तोंडात गळ घेऊन फिरतो. ते कोणालाच नको.

तोवर पानांच्या कडेने काम करा. पानांची रांग जिथे संपते आणि उघडं पाणी सुरू होतं ती रेघ. पानांत जिथे आत शिरलेली खाच असेल, किंवा पानं आणि लव्हाळे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे पॉपर कडेपासून हातभर बाहेर ठेवा. बास कडेच्या सावलीतून बाहेर येऊन घेतो.

पहाटपाणी

हे सोन्यासारखं आहे. फ्रॉगचा मोह आवरतो. तरी पुढे कधी घ्यायचा झाला तर चांगला कसा ओळखावा? आणि लव्हाळ्यांसाठी काय? तिथे पानं नाहीत, नुसते काड्यांचे झुबके आहेत, मधून वाट आहे.

लव्हाळी

फ्रॉग अंगठा आणि तर्जनीत धरून पाठीवरून दाबा. हलक्या दाबाने अंग चपटं होऊन गळाची दोन्ही टोकं उघडी पडली पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर माशालाही लावावा लागेल आणि तो सुटेल. नवा फ्रॉग ताठ असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पंधरा-वीस वेळा दाबा, सैल पडतो. गळाची टोकं पक्कडीने अगदी किंचित बाहेर वळवतात, प्रत्येक बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त वळवलीत तर फ्रॉगचा गवतातून निसटायचा गुणच गेला. रबरी पायांचे झुबके लांब असतील तर अर्धा-पाऊण इंच कापा, दोन्ही सारखे. लांब पाय पाण्यात ओढ धरतात आणि फ्रॉग डावी-उजवीकडे वळत नाही. दर चार-पाच कास्टनंतर पोटातलं पाणी पिळून काढा. जड झालेला फ्रॉग शेपटीवर बुडून येतो आणि नाक वर करून सरळ चालतो.

काठाकाठाने

लव्हाळ्यांसाठी बझबेट. एकच गळ, तोही वर तोंड केलेला. पुढची तार काड्या बाजूला सारत येते आणि वरचं पातं खडखडत पाणी फोडतं. १/४ औंसाचं घ्या, ३/८ लवकर बुडतं.

बझबेट तरंगत नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. थांबलात की तळाला. म्हणून पाण्याला लागायच्या क्षणी ते तुमच्याकडे निघालेलं हवं. स्पिनिंग रिळावर याची एक सवय लावावी लागते: ल्युअर हवेत खाली येत असतानाच तर्जनी स्पूलच्या कडेला लावून लाईन रोखा, बेल, म्हणजे रिळावरची तारेची कडी, हाताने बंद करा (हँडल फिरवून नको) आणि रॉड घड्याळातल्या अकराच्या काट्याएवढी वर ठेवून फिरवायला लागा. पातं पृष्ठभागावर आलं की रॉड हळूहळू खाली आणा. पातं वर राहील इतक्याच वेगाने चालवा, त्याहून जास्त नको.

ते एका बाजूला ओढत येत असेल तर पुढून बघा, वरची तार आणि गळाची तार एका रेषेत आहेत का. नसतील तर बोटाने वाकवून सरळ करा. दुसरं एक: नवं बझबेट मुकं असतं. पात्यामागचा रिव्हेट झिजला की ते कुरकुरायला लागतं आणि तो आवाज हवाच असतो. कुरकुर थांबवायला तेल घालू नका.

तुमच्या तिसऱ्या जागेसाठी माझं मत याला.

तंगूसवाला

स्पूक का नको तेही सांगून टाकू, कारण दुकानातला पहिला सल्ला हमखास स्पूकचा असतो. हेडनचं झारा स्पूक किंवा त्या जातीचं कोणतंही 'चालणारं' ल्युअर हे टॉपवॉटरमधलं फार गुणी ल्युअर आहे, पण त्याला स्वतःची अशी काहीच हालचाल नसते. पातं नाही, वाटी नाही, नुसती गुळगुळीत काडी. डावीकडे-उजवीकडे मान फिरवत ते जे चालतं ती सगळी तुमच्या हाताची करामत.

लय अशी: हिसका, ढील, हिसका, ढील, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर रिळाचा पाव ते अर्धा फेरा. हिसका ढिलाईवर बसला पाहिजे, ताणलेल्या लाईनीवर नाही. नवा माणूस हिसक्यानंतर लाईन ताणूनच ठेवतो. मग ल्युअरला मान फिरवायला मोकळीकच मिळत नाही आणि ते नाकासमोर सरळ येतं. ही एक चूक सुटली की स्पूक येतं. पॉपर नीट जमला की अर्धी लय हातात बसलेली असते, कारण ढील द्यायची सवय तीच. तेव्हा साडेतीन इंची, १/२ औंसाचं सुपर स्पूक ज्युनियर घ्या, ते तुमच्या रॉडवर चालेल. पाच इंची मोठं नको.

पहाटपाणी

ठरलं: पॉपर आणि ९० चा प्लॉपर आधी, मग बझबेट. ब्रेड-नायलॉनवाला मार्ग घेतोय. आता दोन अडचणी. कास्ट पडल्यावर पॉपरचा शेपटीचा गळ लाईनीत गुंतलेला असतो, पाचातून एकदा तरी. आणि मासा पाणी उडवतो, मी खेचतो, पॉपर रिकामा परत. चार उड्या, मासा एकही नाही. गळ बोथट आहेत का?

गाठीवर गाठ

पहिल्या अडचणीचं कारण हवेत आहे. पॉपर हलका, शेपटीला पिसं, तो उडताना कोलांट्या खातो आणि लाईनीवर येऊन पडतो. पाण्यापासून दोन-तीन मीटरवर असताना तर्जनीने स्पूलच्या कडेला हलका स्पर्श करा. लाईन जराशी अडते, पॉपर तोंड तुमच्याकडे करून सरळ होतो आणि अलगद पडतो. पडण्याचा आवाजही निम्मा होतो, तो फायदा वेगळाच.

गाठ कोणती मारली आहे? घट्ट आवळलेली गाठ पॉपरच्या कडीवर तिरकी बसली की तो एकाच बाजूला थुंकतो. न सरकणारी फासाची गाठ मारा, फास वाटाण्याएवढा. ती जमत नसेल तर लहानातली लहान साधी स्नॅप (उघडमीट होणारी तारेची कडी) लावा, स्विव्हल म्हणजे फिरता सांधा नसलेली. स्विव्हलचं वजन नाकावर येतं.

झुंजुरका

दुसरी अडचण गळाची नाही, घाईची आहे. पाणी उडालेलं दिसलं की हात उठतो. त्या क्षणी ल्युअर माशाच्या तोंडात गेलेलं नसतंच, पुष्कळदा ते त्याच्या नाकावर उडालेलं असतं. डोळ्यावर विसंबू नका, हातावर विसंबा. खळबळ दिसली की मनात म्हणा, 'आला, घेतला, वळला'. तोवर लाईन ताणली जाईल आणि वजन जाणवेल. वजन जाणवल्यावरच रॉड बाजूला ओढा. झटका नको, लांब ओढ. तिहेरी गळांची टोकं बारीक असतात, तेवढ्याने रुततात. जोरात झटका दिला तर जबडा फाटतो किंवा गळ सरळ होतो.

प्लॉपरवर आणखी सोपं. उसळी दिसली तरी फिरवत राहा, वेग बदलू नका. मासा स्वतःच ताण आणतो.

आणि चुकलेला मासा गेला असं समजू नका. पॉपर तिथेच मेल्यासारखा ठेवा, चार-पाच सेकंद. मग अगदी बारीक थरथर. तरीही आला नाही तर दुसऱ्या रॉडवर वजन न लावलेला पाच इंची मऊ स्टिकबेट (काडीसारखं आमिष) तयार ठेवा आणि त्याच वर्तुळात टाकून नुसता बुडू द्या. लाईनीकडे बघा. ती बाजूला सरकायला लागली की ओढा.

तंगूसवाला

गळाची धारही एकदा तपासाच. टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलके सरकवा. अडकून ओरखडा उठला तर धार आहे. घसरलं तर घासा किंवा बदला. दगडी काठावर टाकताना दर अर्ध्या तासाने हे करा, एक दगड लागला तरी टोक वळतं. लीडरचा शेवटचा वीतभर भागही बोटांत धरून बघा. खरखरीत लागला तर तेवढा कापून पुन्हा बांधा.

लव्हाळी

एक गोष्ट नजरेतून सुटू नये. तुम्ही काठावर उभे, मासा चुकतो, तुम्ही सगळ्या ताकदीने खेचता आणि सहा टोकं असलेला पॉपर पाण्यातून सुटून थेट तुमच्या चेहऱ्याकडे येतो. टॉपवॉटरमधली सर्वात वाईट इजा हीच आहे. चष्मा घाला, साधा का असेना. रॉड छातीसमोरून वर न ओढता बाजूला ओढा, म्हणजे सुटलेलं ल्युअर बाजूने जाईल. मागे कोणी उभं नाही ना ते प्रत्येक कास्टआधी बघा.

तिहेरी गळांच्या बार्ब, म्हणजे टोकामागचे उलटे काटे, पक्कडीने दाबून टाका. मासा सुटण्याचं प्रमाण थोडं वाढेल, पण लाईन ताणलेली ठेवली तर फारसं नाही, आणि बोटातला गळ सहज निघेल. मासा काठाजवळ उडी मारायला लागला की रॉडचं टोक पाण्यात नेऊन त्याला खाली ठेवा. उडीत तो डोकं झटकतो आणि ल्युअर भिरकावतो. तोंडात पॉपर असलेल्या बासच्या जबड्यात अंगठा घालू नका. एक गळ माशात आणि दुसरा तुमच्या हातात, आणि मासा तडफडतोय, हे फार वाईट जुळून येतं. जबडा धरायची पकड वापरा आणि लांब नाकाच्या पक्कडीने गळ काढा. बार्बसकट गळ खोल गेला, किंवा डोळ्याजवळ कुठेही लागला, तर स्वतः ओढायचं नाही. लाईन कापा आणि डॉक्टरकडे जा.

पहाटपाणी

बार्ब आजच दाबतो. वेळ आणि रंग राहिले. पहाटे जायचं एवढं ठाऊक आहे.

काठाकाठाने

रंगावर फार डोकं खर्चू नका. बास खालून बघतो, त्याला पोट आणि सावली दिसते. पाठीवरची नक्षी आपल्यासाठी असते. दोन रंग पुरे: पांढरट हाडाच्या रंगाचा आणि काळा. स्वच्छ पाणी, उजेड असेल तर पांढरट. अंधूक उजेड, ढगाळ हवा, गढूळ पाणी किंवा रात्र असेल तर काळा, कारण आकाशापुढे काळी आकृती ठळक दिसते. प्लॉपर पांढरट घ्या आणि बझबेट काळं, दोन्ही बाजू झाल्या.

वेळेपेक्षा पाण्याचं तापमान बघा. पाणी १५-१६ अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय टॉपवॉटरवर दिवस घालवू नका. १८ ते २८ मधे काम चांगलं होतं. सूर्य वर आल्यावरही सगळं संपत नाही, फक्त जागा आकसते. दगडांची सावली, झाडाची पाण्यावर आलेली फांदी, पानांची कड, एवढ्यावरच टाका. दिवसभर ढग असतील तर दिवसभर चालतं.

रात्री जाणार असाल तर आर्बोगास्टचं जिटरबग डोक्यात ठेवा. पुढे दोन कानांचं धातूचं पातं, एकसारखं हळू फिरवलं की 'प्लॉप-प्लॉप' करत डुलत येतं. हात काही करत नाही, आवाजावरून ते कुठे आहे ते कळतं. अंधारात तेवढं पुरतं.

गाठीवर गाठ

पहिल्या दिवसाचा क्रम सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. उजाडायच्या आधी अर्धा तास लव्हाळ्यांच्या बाजूला, प्लॉपर काठाला समांतर टाकत. समांतर महत्त्वाचं. काठावरून सरळ आत फेकलंत तर ल्युअर पंचवीसपैकी वीस मीटर रिकाम्या पाण्यातून येतं. काठाला धरून फेकलंत तर सगळी वाट माशाच्या दारावरून जाते. पाण्यापासून दोन पावलं मागे उभे राहा, पहिला मासा पुष्कळदा पायाशीच असतो. ऊन आलं की दगडांच्या सावलीत पॉपर. एका जागी पाच-सहा कास्ट झाले आणि काही हललं नाही तर दहा पावलं पुढे.

पहाटपाणी

समांतरचा मुद्दा डोक्यातही आला नव्हता. तिन्ही ल्युअर एकाच डब्यात ठेवली तर चालतील ना?

झुंजुरका

प्लॉपरला वेगळा कप्पा द्या, आणि तोही असा की शेपटी कशालाही टेकणार नाही. शेपटी मऊ असते. दुमडून राहिली तर तशीच वाकडी होते आणि मग अडखळत फिरते. वाकली तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून बोटाने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. डबा बंद करण्याआधी तिन्ही पुसून वाळवा, पॉपरची पिसं सगळ्यात आधी, कारण ओल तिथेच टिकते आणि गंज शेपटीच्याच गळाला पहिला चढतो.